भिजलेला गहू थांबत नाही: एप्रिलमधल्या एका आठवड्याचा प्रकरण अभ्यास

भोसरीच्या एका कारखान्यात माझं काम नियोजनाचं. कुठल्या मशीनवर कुठला जॉब कधी चढवायचा आणि कुठला मागे ठेवायचा हे ठरवायचं, आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. लाइन थांबली की दुसऱ्या दिवशी एक कागद लिहावा लागतो: काय झालं, कधी कळलं, काय केलं, का झालं. २०२५च्या एप्रिलात आमच्या घराची लाइन थांबली तेव्हा तो कागद कुणी मागितला नाही. तरी मी लिहिला. बाहेर इतरांना शहाणपण शिकवणाऱ्या बाईच्याच घरी हे घडलं, याची नोंद कुठेतरी हवी होती.

घर सिंहगड रस्त्यावर, माणिकबागेच्या पुढे. छत्तीस सदनिकांची सोसायटी, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. घरात सासूबाई, नवरा, सातवीतला मुलगा आणि मी. नवरा दोन वर्षांपासून सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे लिफ्ट अडकली की लोक आधी आमची बेल वाजवतात. आठवडा १४ ते २० एप्रिलचा.

या आठवड्यात तीन मोठी कामं होती आणि तिन्हींचे मालक वेगळे होते.

पहिलं काम सासूबाईंचं, कुरडयांचं. नणंदेच्या मुलीचं लग्न मेमध्ये, रुखवतात कुरडया हव्यात, आणि त्या मामाच्या घरून जायच्या हे त्यांनी संक्रांतीलाच जाहीर केलेलं. दुसरं माझं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू. अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला, म्हणजे गौर तोवर बसलेली. शुक्रवार १८ तारीख, गुड फ्रायडेची सुट्टी, बायका घरी असणार. पुढच्या शुक्रवारी बी विंगमध्येच दोन घरी हळदीकुंकू होतं, शिवाय माझी महिनाअखेरची धावपळ. तेव्हा १८च. चाळीसेक बायकांना बोलावणं गेलं होतं. तिसरं काम नवऱ्याचं, सोसायटीच्या टाक्यांची सफाई. गुरुवार, १७ तारीख.

टाक्यांचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्याच वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. दोनशेच्या वर संशयित रुग्ण सापडले आणि त्यातले पुष्कळ आमच्याच बाजूचे होते, किरकटवाडी, नांदेड, धायरीकडचे. संशय दूषित पाण्यावर होता. दोन-तीन महिने आम्ही सगळे पाणी उकळूनच प्यायलो. फेब्रुवारीच्या मीटिंगला एरवी कोरम भरत नाही, त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. टाक्या साफ करून घ्यायच्या, आणि साफ केल्यावर टँकरचं पाणी त्यात पडू द्यायचं नाही, असं एकमुखाने ठरलं. वार गुरुवार, कारण पुण्यात महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तेव्हा बहुतेक गुरुवारच असतो, आणि लोकांना गुरुवारी बादल्या भरून ठेवायची सवय आहे. निर्णय चांगला होता. मी स्वतः हात वर केला होता, ही गोष्ट नंतर मला दोनदा ऐकवण्यात आली.

आता कुरडई. ज्यांनी फक्त तळलेली खाल्ली आहे त्यांच्यासाठी सांगते, कुरडई हे पाण्याचं काम आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचा, वाटलेलं पाण्यात कालवून पिळायचं, चोथा वेगळा काढायचा, दूध फडक्यातून गाळायचं आणि रात्रभर हलवायचं नाही. पहाटे वर पिवळसर पाणी निवळलेलं असतं आणि खाली पांढराशुभ्र चीक बसलेला. वरचं पाणी अलगद ओतून द्यायचं, चीक मापायचा, तेवढंच पाणी उकळायला ठेवून मीठ-हिंग घालायचा आणि चीक धार धरून सोडत घाटत राहायचं. गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. यातला एकही टप्पा पुढे ढकलता येत नाही. एप्रिलच्या उकाड्यात चौथा दिवस उलटला की गव्हाला आंबूस वास सुटतो आणि कुरडया तांबूस होतात. कारखान्यात भट्टीत गेलेला माल जसा परत मागवता येत नाही, तसं.

सासूबाईंनी चार किलो लोकवन सोमवारी सकाळी भिजत घातला. आंबेडकर जयंतीची सुट्टी होती, आम्ही सगळे घरात होतो, पातेलं स्वयंपाकघराच्या ओट्याखाली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. सोमवार अधिक तीन म्हणजे गुरुवार. इतकं साधं गणित. त्याच दुपारी नवऱ्याने त्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून गुरुवारच्या पाणीबंदीची सूचना टाइप केली आणि प्रिंट काढून लिफ्टपाशी लावली. मला आठवतं, सूचनेतलं ‘दक्षता’ बरोबर आहे का हे त्याने सासूबाईंनाच विचारलं. त्यांनी तपासून दिलं.

मंगळवारी मी ऑफिसातून परस्पर मंडईत गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाल्यापासून हे जमतं, नाशिक फाट्याला बसायचं आणि थेट मंडईला उतरायचं. पूर्वी हे काम म्हणजे अर्धी रजा. आठ किलो कैऱ्या, काकड्या, नारळ, ओटीचे हरभरे. वर आल्यावर स्वारगेटहून रिक्षा मिळेपर्यंत खांदे भरून आले. हरभरे आणि डाळ गुरुवारी रात्री भिजवायची असं मी मनात ठरवून टाकलं. मनात, म्हणजे कुणाला सांगितलं नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी ओट्याखालचं पातेलं बाजूला सरकवत विचारलं, ‘‘ताई, उद्या तर पाणी नाय. मग ह्यो गहू वाटणार कसा? आन् परवा तुमचं हळदीकुकू.’’

मी पोळी तव्यावर तशीच सोडून उभी राहिले. ती जळाली.

मावशी सोसायटीत सहा घरी कामाला जातात. लिफ्टजवळची सूचना त्यांनी सोमवारी संध्याकाळीच वाचली होती, कारण पाणी नसलं की त्यांचं काम सगळ्यात आधी वाढतं. गव्हाचं पाणी बदलताना त्या तिथेच होत्या. मंडईच्या पिशव्या त्यांनीच उचलून ठेवल्या. त्या घरात तिन्ही गोष्टी एकाच डोक्यात फक्त त्यांच्या होत्या.

आम्हा तिघांना स्वतंत्रपणे विचारलं तेव्हा निघालं ते असं. सासूबाईंना टाकी धुण्याचं माहीत होतं, पण ‘‘सेक्रेटरीच्या घरात पाण्याची सोय केलेली असणारच की,’’ असं त्यांनी गृहीत धरलं. नवऱ्याला गहू भिजतोय हे दिसत होतं, पण कुरडया नेहमी रविवारी होतात अशी त्याची समजूत. तो रविवार त्याच्या लहानपणचा, पाटबंधारे खात्यात नोकरीला असलेल्या सासऱ्यांच्या सुट्टीचा. आणि मी? मला दोन्ही माहीत होतं. मी त्याच्याकडे त्यांचं काम आणि ह्याचं काम म्हणून पाहत होते. माझ्या शुक्रवारशी त्याचा संबंध आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही.

लिहून ठेवलेलं सगळं होतं. सासूबाईंच्या कालनिर्णयावर १४च्या चौकटीत पेन्सिलीने ‘गहू’, शेजारी दुधाचा खाडा आणि सिलिंडरची तारीख. नवऱ्याचं सगळं मोबाइलमध्ये. माझं ऑफिसच्या एक्सेल शीटमध्ये, ‘पर्सनल’ नावाच्या पानावर. तीन दिनदर्शिका, तिन्ही बिनचूक.

बुधवारची संध्याकाळ मी कधी विसरणार नाही, कारण तिथे मी माझ्या धंद्यातली एक चूक उघड्या डोळ्यांनी केली. साठवून घेऊ, असं म्हणाले. साठ लिटरचं एक पिंप, चार बादल्या, दोन हंडे. हिशेब कागदावर मांडला. गव्हाला वाटण्या-पिळण्यापासून भांडी धुण्यापर्यंत चाळीस लिटर तरी, डाळ-हरभऱ्याला पंधरा, आणि गुरुवारी नणंद साताऱ्याहून भाचीला घेऊन येणार म्हणजे माणसं सहा. कमी पडत होतं, पण ओढाताण करून भागलं असतं. रात्री आठला नळ सोडला तर सुतासारखी धार. साडेआठला तीही बंद.

छत्तीस घरांनी माझ्यासारखाच विचार केला होता. गुरुवारी सकाळी नऊला रिकाम्या व्हायच्या टाक्या बुधवारी रात्रीच तळाला गेल्या. पाणी बंद असतं त्या दिवशी पाण्याची तूट होतच नाही, ती आदल्या रात्री होते. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. सूचनेत नवऱ्याने लिहिलं होतं, ‘पुरेसे पाणी साठवून ठेवावे.’ पुरेसे म्हणजे किती, हे लिहिलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी तर बाथटब भरून ठेवला होता. आमच्या सोसायटीत बाथटब आहे हे मला त्या रात्री कळलं.

आमच्या पिंपात अर्धं पाणी.

रात्री दहाला जेवणाच्या टेबलावर बैठक. नवऱ्याने सफाई पुढे ढकलायचं आधी स्वतःच काढलं आणि स्वतःच मागे घेतलं. माणसं सकाळी साडेआठला येणार होती, आगाऊ पैसे गेले होते, आणि सेक्रेटरीच्या आईच्या कुरडयांसाठी टाक्या राहिल्या हे पुढची पाच वर्षं लोकांनी सांगितलं असतं. हळदीकुंकू पुढे ढकलायला मी तयार नव्हते. यात थोडा हट्ट होता, कबूल. गहू टाकून द्यावा असं कुणी म्हणालं नाही, पण मुलाने ‘‘विकत मिळतात ना कुरडया?’’ असं विचारलं आणि सासूबाई उठून देवघरात गेल्या. त्याची शनिवारी परीक्षा होती. त्या वर्षी राज्यातल्या पहिली ते नववीच्या परीक्षा एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत लांबल्या होत्या. एरवी चैत्रगौरीपर्यंत मोकळी होणारी, पन्ह्याचे ग्लास वाटायला हाताशी येणारी मुलं त्या वर्षी पुस्तकात डोकं घालून बसलेली होती. त्याला मी खोलीत पाठवलं.

मग मी तेच केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिन्ही कामं एका कागदावर एकाखाली एक मांडली. काम जास्त नव्हतंच. बायकांची, गॅसची, वेळेची कशाचीच कमतरता नव्हती. तिन्ही कामं गुरुवार सकाळ ते शुक्रवार पहाट या वीस तासांत एकाच नळावर येऊन बसली होती. आमच्या भाषेत बॉटलनेक. मशीन एक, जॉब तीन. आणि अशा वेळी मी लोकांना काय सांगते? मशीन वाढवता येत नसेल तर जॉब बाहेर पाठवा.

गहू बाहेर पाठवला. सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचं घर नारायण पेठेत. मावससासूबाई रात्री सव्वादहाला फोनवर म्हणाल्या, ‘‘एवढंच ना? पण मिक्सर तुमचा आणा, माझ्याचा आवाज येतो.’’

गुरुवारी सकाळी सात वाजता रिक्षात मागे सासूबाई, मांडीवर मिक्सर. पायाशी गव्हाचं पातेलं, त्यावर ताट, ताटावर ओढणी घट्ट बांधलेली. ती गाठ मी मारली होती आणि गल्लीच्या पहिल्याच खड्ड्याला ती किती ढिली होती हे कळलं. दिवसभरात दोन्ही बहिणींनी मिळून चार किलो गहू वाटला. मिक्सर तापून तीनदा बंद पडला, दर वेळी त्या चहा करून बसल्या. संध्याकाळी फोनवर सासूबाईंचा आवाज असा होता की माहेरी चार दिवस राहून आल्यात.

इकडे गुरुवारी गच्चीवर गाळ निघाला. तळाशी बोटभर काळपट लगदा, त्यात एक प्लॅस्टिकचा चमचा. गच्चीवरच्या टाकीत चमचा कसा गेला यावर ग्रुपवर साठ संदेश आले. घासणं, गाळ ओढणं, प्रेशरने धुणं, क्लोरीन मारणं, परत धुणं असं सात वाजेपर्यंत चाललं. नणंद आणि भाची दुपारी आल्या, त्यांनी तांब्याभर पाण्यात हातपाय धुतले आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. डाळ आणि हरभरे मी पिंपातल्या पाण्यात भिजवले.

शुक्रवारी पहाटे वीस मिनिटांत दोन गोष्टी घडल्या. साडेपाचला नळ आला, आणि मी पन्ह्यासाठी कैऱ्या त्याच पाण्यात उकडायला लावल्या. सूचनेच्या चौथ्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘सुरुवातीचे पाणी वापरू नये, सोडून द्यावे.’ ती ओळ माझ्या घरात टाइप झाली होती. कैऱ्या उकडल्या, गर काढला, गूळ घातला, वेलची घातली, चाखलं आणि थेट टिळक तलावात पोहताना गटांगळी खाल्ल्याची, क्लोरीनची चव. अख्खं पातेलं मोरीत गेलं. पाच किलो कैऱ्या.

उरलेल्या तीन किलो कैऱ्या डाळीला लागणार होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मेथांब्यासाठी आणलेल्या कैऱ्या न विचारता आणून दिल्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, ‘‘मेथांबा पुढच्या आठवड्यात होईल, गौर पुढच्या आठवड्यात विचारेल का?’’

सासूबाई सातला परतल्या. निवळ ओतून आणलेला चीक डब्यात घट्ट बसलेला, वर बोट टेकवलं तर ठसा उठेल इतका. हा प्रवास आदल्या दिवशीच्या प्रवासापेक्षा सोपा होता. बसलेला चीक हिंदकळत नाही. घरातले दोन्ही गॅस हळदीकुंकवात अडकलेले, म्हणून जुनी शेगडी आणि सिलिंडर गच्चीवर नेलं. चीक घाटायला नवऱ्याला उभं केलं. शिक्षा म्हणून नव्हे, खरंच ताकद लागते. पहिली काही मिनिटं लापशीसारखं असतं, मग अचानक लाटणं जड होतं, दाटलेला चीक पातेल्याची कड सोडतो आणि त्याला काचेसारखी चकाकी येते. तो घामाने निथळत ‘‘झालं का?’’ विचारत होता आणि सासूबाई प्रत्येक वेळी ‘‘अजून’’ म्हणत होत्या. नंतर वाटीत गरम चीक, कच्चं तेल आणि मीठ. भाचीने आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला, आणि रुखवतापेक्षा हेच द्या म्हणाली. सोऱ्या फिरवायला चार घरच्या पाच जणी आपणहून वर आल्या. दहाच्या आत गच्चीचा अर्धा भाग पांढरा झाला.

हळदीकुंकू पार पडलं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की पन्हं कागदी कपांत दिलं, कारण चाळीस ग्लास धुण्याइतकी पाण्याची खात्री मला उरली नव्हती. सासूबाईंना ते आवडलं नाही. गौरीपुढे त्यांनी स्टीलचाच पेला ठेवला आणि तो स्वतः धुतला.

आता ती गोष्ट, जी माझ्या पहिल्या कागदात नव्हती. शुक्रवारी रात्री आठला मावशी जायला निघाल्या आणि म्हणाल्या, ‘‘सोमवारी येते.’’ शनिवार-रविवार त्यांच्या गावची जत्रा होती. रजा त्यांनी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे मागितली होती, मी ‘हो हो’ म्हटलं होतं. ती कुठेही लिहिली नव्हती. पेन्सिलीने नाही, मोबाइलमध्ये नाही, ‘पर्सनल’ पानावर तर नाहीच. म्हणजे कामं तीन नव्हती, चार होती. ज्या बाईने आमचे तिन्ही कार्यक्रम एकत्र पाहिले, तिचा एकही आम्ही पाहिला नव्हता. शनिवारी सकाळी मोरीतला ढीग मी आणि नणंदेने उपसला.

शनिवारी दुपारी तीनला कात्रजच्या बाजूने ढग चढले. मुलगा पेपर देऊन आलेला, तो आणि खालची चार पोरं गच्चीवर धावली आणि प्लॅस्टिकसकट कुरडया ओढत जिन्यात आणल्या. थेंब पडले मोजके, पण ऊन गेलं ते गेलंच. रविवारी दिवसभर मळभ. नणंद संध्याकाळी निघताना कुरडया न्यायच्या म्हणत होती. सासूबाई घुटमळल्या, वरून तर वाळल्यासारख्या दिसत होत्या. शेवटी डबा ठेवून घेतला.

सोमवारी मावशी आल्या. आमच्यासाठी कागदात गुंडाळलेल्या जत्रेतल्या रेवड्या ओट्यावर ठेवल्या, मग डब्याचं झाकण काढून एक कुरडई उचलली, कानाजवळ धरून मोडली आणि आवाज ऐकून परत डब्यात टाकली.

‘‘अजून एक ऊन लागंल,’’ म्हणाल्या, आणि डबा घेऊन गच्चीवर गेल्या.